सफरचंदांचा आठवडा आणि तुझ्या दोन सह्या

पितृपक्षातल्या मंगळवारी सकाळी तू कोपऱ्यावर आली नाहीस. मी आठ वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत थांबले. रिक्षावाल्याने विचारलं, "दूसरी मैडम?" मी म्हटलं, येतील. मग तुझी सून रश्मी गल्लीतून चालत आली. तिच्या पायात चपला नव्हत्या. ती म्हणाली, "मावशी, आई गेल्या. चहा ठेवला आणि खुर्चीत बसल्या." मी मान हलवली. मग मला आठवलं की बालवाडीची किल्ली माझ्याकडे आहे आणि मुलं दारात उभी राहतील. म्हणून मी आधी तिकडे गेले, मुलांना परत पाठवलं, आणि नंतर तुझ्याकडे आले. हा क्रम बरोबर होता का, ते मला अजून कळलेलं नाही.

मंदाताई, त्याला आता पाच आठवडे झाले. आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिही, असा निरोप आला. सोबत एक छापील तक्ता होता: जन्म, माहेर, शिक्षण, नोकरी. तो मी रश्मीकडे दिला. त्यातलं मला फारसं ठाऊकच नव्हतं. बारा वर्षं शेजारी बसून मी तुला ग्वाल्हेरची म्हणून ओळखत होते, आणि तेही तुझ्या बोलण्यामुळे. "आज रिक्षा लेट होऊन गेली" असं तू म्हणायचीस. मी सुधारायला गेले की म्हणायचीस, "कुमुद, तू नागपूरची. तू काय करून राहिली ते आधी बघ." मी नागपूरची नव्हतेच. वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे भोपाळला आले, मी शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये जन्मले. हे तुला कितीदा सांगितलं. तुला ते ऐकायचं नसायचं, कारण मग चिडवायला काही उरलं नसतं.

मला लिहायचं आहे ते सफरचंदांबद्दल. आपल्यात जे अर्धवट राहिलं, ते सगळं त्यांच्याच आसपास आहे.

शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त होऊन मी बालवाडीत आले तेव्हा दोन खोल्यांत अडतीस मुलं होती. कारखान्याच्या टाउनशिपमधली मुलं; कुणाच्या घरी तमिळ, कुणाच्या घरी बांगला, कुणाच्या घरी पंजाबी, आणि बालवाडीत सगळ्यांची मिळून हिंदी. मी आले त्या वर्षी कोजागिरी झाली आणि तू सांगितलंस की सोमवारपासून सफरचंदांचा आठवडा. सहा दिवस दुसरं काही नाही. मोजायचं तर सफरचंदाच्या बिया मोजायच्या, रंगवायचं तर सफरचंद, पाण्यात काय तरंगतं आणि काय बुडतं ते बघायचं तर बादलीत सफरचंद आणि बटाटा.

मी नवी होते, पण वाचलेलं बरंच होतं, त्यामुळे मी विचारलं, "सफरचंदच का? या दिवसांत सीताफळं येतात. ती इथली आहेत. प्रत्येक मुलाने पाहिलेली असतात."

"म्हणूनच नको," तू म्हणालीस. "सीताफळ आणलं की भोपाळचं पोर पुढे सरकतं आणि मागच्या महिन्यात बदलून आलेलं मागे सरकतं. सफरचंदाचं झाड कुणाच्याच अंगणात नाही. सगळे सारखे."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण मी दर वर्षी तुझ्याबरोबर हबीबगंजच्या बाजारात सफरचंदांची पेटी आणायला येत राहिले. तो फळवाला तुला ओळखायचा. एकसारखी, चकचकीत फळं वर मांडून ठेवायचा, आणि तू त्याच्या मागच्या टोपल्यांकडे बोट दाखवायचीस.

"सब एक जैसे नहीं चाहिए, भैया. मुझे बेमेल दीजिए. छोटा, बड़ा, टेढ़ा, दाग वाला."

"मैडम, पूरे बाज़ार में आप अकेली हैं जो बेमेल माँगती हैं."

"तो आपका माल भी तो मैं अकेली ही उठाती हूँ."

तो हसायचा आणि पेटीतले जांभळे पातळ कागदही सगळे द्यायचा. त्या कागदांचे मुलं बोटांनी लहान लहान गोळे करायची आणि पुठ्ठ्यावर काढलेल्या सफरचंदात चिकटवायची. पेन्सिल धरायच्या आधी बोटं तयार व्हावी लागतात, असं तू म्हणायचीस. मी ते पुस्तकात वाचलं होतं. तू वाचलेलं नव्हतंस, तरी तुला माहीत होतं, आणि याचा मला सुरुवातीला थोडा राग यायचा.

आपला खरा वाद पानांवरून होता. तुझ्याकडे कुठल्याशा परदेशी मासिकातलं एक चित्र होतं: सफरचंदाचं झाड आणि खाली लाल पानांचा सडा. तसं झाड तू भिंतीवर खाकी कागदाचं करायचीस आणि मुलांकडून लाल पानं कापून घ्यायचीस. मी म्हणायचे, "ताई, आपल्याकडे आश्विनात पानं गळत नाहीत. फाल्गुनात गळतात. खिडकीबाहेर बघ, सगळं हिरवंगार आहे. मुलांना खोटं का शिकवायचं?" तू कात्री न थांबवता म्हणायचीस, "खिडकीतून दिसतं तेवढंच शिकवायचं असेल तर खिडकी पुरे. आपण कशाला?"

हा वाद सात वर्षं चालला. मग हिमाचलहून बदलून आलेली एक मुलगी वर्गात आली. चार वर्षांची. तिच्या आजोळी सफरचंदाची बाग होती. म्हणजे शेवटी एकाच्या अंगणात झाड निघालंच. ती भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ये पत्ते गलत हैं. नानी के यहाँ पीले होते हैं." तू तिला विचारलंस, "सारे पीले?" ती म्हणाली, "पहले पीले, फिर भूरे." तू स्टुलावर चढलीस, सगळी लाल पानं काढलीस, आणि दुपारी मुलांना पिवळा कागद दिलास.

घरी येताना मी रिक्षात बोलले नाही. तू म्हणालीस, "रुसलीस?" मी म्हटलं, "मी सात वर्षं सांगत होते." तू म्हणालीस, "तू पुस्तकातून सांगत होतीस. ती नानीकडून सांगत होती." मी म्हटलं, मी तर खिडकीतून सांगत होते, पुस्तकातून नाही. तू पुढच्या नाक्यावर मुळा घ्यायला रिक्षा थांबवलीस. मी जिंकले होते असं मला वाटतं. पण तसं तू कधी म्हणाली नाहीस, आणि आता विचारता येत नाही.

आपली कामाची वाटणी कधी ठरवलेली नव्हती. मी खेळ शोधायचे, त्यांची रीत कार्डांवर लिहायचे, पुठ्ठे कापायचे, चित्रांवर नावं घालायचे. मुलांबरोबर जमिनीवर बसायचीस तू. सफरचंद आडवं कापलं की मधे बियांच्या घरांची चांदणी दिसते. तो अर्धा भाग जुन्या सुती कापडावर पालथा ठेवायचा, रस टिपून घ्यायचा, पाठीत काटा-चमच्यातला काटा खोचायचा म्हणजे मुलांना धरता येतं, मग लाल रंगात बुडवून छाप मारायचा. रस नीट टिपला नाही तर रंग घसरतो. हे सगळं माझ्या कार्डावर आहे. ताटलीतली फोड तासाभराने काळी पडली की मुलं विचारायची, "इसको क्या हुआ?" आणि एकाने स्वतःच उत्तर दिलं होतं, "बुखार." ते कार्डावर नाही. तेव्हा तू त्या फोडीच्या कपाळावर हात ठेवून बघितलं होतंस, आणि एकेक मूल येऊन हात ठेवून गेलं होतं.

टाउनशिप हळूहळू रिकामी होत गेली. निवृत्त झालेले अवधपुरीत स्वतःच्या घरांत गेले, तसे आपणही गेलो. नवी भरती कमी. क्वार्टरच्या ओळीच्या ओळी बंद. बालवाडीत आधी बावीस मुलं, मग चौदा, आणि या जूनमध्ये नऊ. श्रावणात बालवाडी चालवणाऱ्या महिला मंडळाच्या नव्या सचिव, मिसेस सक्सेना, येऊन म्हणाल्या की समिती बालवाडी बंद करण्याचा विचार करते आहे. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. बालवाडी बंद करू नये, अशी दोन पानं. तू ती वाचलीस, म्हणालीस, "छान लिहिलंयस. पुस्तकासारखं," आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर सही केलीस. तुझ्या सहीखाली मी केली. मग पालकांच्या घेतल्या.

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मिसेस सक्सेनांनी मला बोलावलं. त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे ठेवली. "आंटी, मैं आपको दिखाना नहीं चाहती थी. पर ये मंदा आंटी का है."

तुझं अक्षर होतं. तारीख माझ्या अर्जानंतरची, चार दिवसांनी. हिंदीत सात-आठ ओळी. या सत्रानंतर बालवाडी बंद करावी आणि मुलांना अवधपुरीतल्या मोठ्या शाळेच्या शिशुवर्गात घालावं, असं लिहिलं होतं. कारण एकाच वाक्यात दिलं होतंस: "इन बच्चों को अब हमारी नहीं, और बच्चों की ज़रूरत है." खाली सही. तीच, माझ्या अर्जावर होती तशी, शेवटी खाली ओढलेली रेघ.

"दोनों फाइल में हैं," मिसेस सक्सेना म्हणाल्या. "कमेटी मुझसे पूछ रही है कि कौन सा मानें. आप उनके साथ थीं. दिवाली से पहले आप बता दीजिए, वही हो जाएगा."

ताई, मी घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाही. दुःख होतं का ते मला नीट सांगता येत नाही. गोंधळ होता. चार दिवसांत काय झालं? त्या चार दिवसांत आपण रोज एका रिक्षातून गेलो आणि आलो. तू मला भेंडीची भाजी दिलीस. मी तुझं पुस्तक परत केलं. तू काही बोलली नाहीस.

मी शक्यता मांडत बसले, मला तेच येतं. माझं मन राखायला तू आधी सही केलीस आणि नंतर खरं ते लिहिलंस. किंवा सही खरी होती आणि मग तुला काहीतरी दिसलं. किंवा तुला तुझी तब्येत कळली होती. हबीबगंजच्या पुलाच्या पायऱ्यांवर तू मधेच थांबायचीस आणि म्हणायचीस, "गॅस झालाय ग." मी ओवा देत राहिले. मी डॉक्टरकडे चल म्हटलं नाही. एकदाही नाही. हे मी कुणाजवळ बोललेले नाही.

आणि एक शक्यता अशी, जी मी सगळ्यांत शेवटी मांडली: तुला वाटलं असेल की तुझ्यामागे मला एकटीला हे जमणार नाही. कुमुद कार्डं लिहील, पण मुलांत बसणार नाही. हे खरं असेल तर बारा वर्षं मी तुझी मदतनीस होते, जोडीदार नव्हते. या एका गोष्टीचं उत्तर मला हवं होतं, बालवाडीचं नंतर. म्हणून मी ठरवलं की आधी सफरचंदांचा आठवडा एकटीने करायचा आणि मग मिसेस सक्सेनांना सांगायचं. जमला तर माझा अर्ज खरा.

पेटी आणायला मी एकटी गेले. फळवाल्याने तुझी चौकशी केली. मी सांगितलं. त्याने मागच्या टोपलीतली फळं स्वतःच निवडून भरली.

सोमवारी मी घोटाळा केला. सकाळी घरीच सफरचंदं कापून डबा भरला, आणि हाताला नैवेद्याची, खायच्या फोडींची सवय, त्यामुळे सगळी उभी कापली. देठापासून खाली. बालवाडीत डबा उघडला तेव्हा गेल्या वर्षी असलेला एक मुलगा आत डोकावून म्हणाला, "मैडम, तारा कहाँ है?" तारा नव्हता. माझ्याच हातच्या कार्डावर 'आडवं' या शब्दाखाली दोन रेघा आहेत. मी तो डबा धरून उभी राहिले, आणि खरं सांगते, मला तुझ्या खुर्चीकडे बघायचं होतं. मग एका मुलीने एक फोड उचलून रंगात बुडवली, कागदावर दाबली आणि म्हणाली, "ये तो तितली है." बाकीच्यांनीही फुलपाखरं केली. आम्ही त्यांना मिशा काढल्या. सोमवार पार पडला. मंगळवारी जांभळे कागद, तेही पार पडले. मी दोन्ही दिवस जमिनीवर बसले होते. घरी जाताना मला वाटलं, ताई, तुझी चूक झाली. मला जमतंय.

बुधवारी 'आपलं सफरचंद ओळखा'. हा तुझा आवडता खेळ, ज्यासाठी बेमेल फळं लागतात. दोघांना मिळून एक सफरचंद द्यायचं. दोघांनी ते नीट बघायचं, एकमेकांना सांगायचं: देठ वाकडा आहे, इथे ओरखडा आहे, इथे पिवळं आहे. मग सगळी एका टोपलीत टाकायची आणि आपलं शोधून काढायचं. नऊ मुलांच्या चार जोड्या झाल्या. उरलेल्या एकाला कुठे बसवावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात अन्वी आपलं आसन उचलून माझ्यासमोर येऊन बसली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "अन्वी, तुम उधर बैठ जाओ, उन दोनों के साथ."

"नहीं, मैं तो मैडम के साथ बैठती हूँ," ती म्हणाली. आठवण करून दिल्यासारखं.

तिने सफरचंद हातात घेतलं, फिरवलं आणि मला म्हणाली, "देखो, इसके गाल पे निशान है. दिख रहा है? चश्मा लगा लो." मी चष्मा लावला. मग टोपलीकडे जायला ती उठली, आणि उठताना तिने आपल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हे राम." साडेचार वर्षांची मुलगी. अगदी तुझा आवाज.

मुलं हसली. मीही हसले. नंतर मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या वयाची दोन मुलं होती, ती गेल्या दिवाळीत वडिलांच्या बदलीबरोबर गेली. तेव्हापासून प्रत्येक खेळात तिची जोडी तू होतीस. ती आपल्याला दमलात का विचारते, औषध घेतलं का विचारते. आपल्याला ती शहाणी वाटायची. मी तर कौतुकाने शेजारणींना सांगायचे. बाकीची आठ मुलं सफरचंदावरून भांडत होती, एकमेकांचं ओढत होती, आणि अन्वी आमचं सफरचंद दोन्ही हातांत धरून माझी वाट बघत बसली होती, मी सावकाश उठते म्हणून.

तुझ्या पत्रातलं वाक्य मला तिथे कळलं. सही कळली नाही. म्हणजे तुझ्या समोर ही मुलगी रोज बसत होती आणि तुला दिसत होतं, तर माझ्या अर्जावर तू सगळ्यांच्या वर सही का केलीस? आणि चार दिवसांनी ते लिहिलंस, तर मला का सांगितलं नाहीस? मी ऐकलं नसतं, हे खरं. मी पुस्तकं काढून बसले असते. सात वर्षं घालवली असती.

गुरुवार आणि शुक्रवारही झाले. शनिवारी मुलं गेल्यावर मी महिला मंडळाच्या खोलीत गेले. मिसेस सक्सेना म्हणाल्या, "आइए आंटी. क्या सोचा?"

मी तुझं पत्र मागितलं. तुझ्या सहीखाली जागा होती. तिथे मी सही केली.

त्यांनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "तो आपका वाला आवेदन वापस ले रही हैं?"

"नहीं. वो भी रहने दीजिए."

"दोनों कैसे रहेंगे, आंटी?"

"जैसे अब तक थे."

त्यांनी दोन्ही कागद फाइलमध्ये ठेवले. मग म्हणाल्या, "आप दोनों ने मुझे बड़ी मुश्किल में डाल रखा है," पण रागाने नाही. मग त्यांनीच वाट काढली. हे सत्र पूर्ण करायचं. मार्चनंतर मुलं अवधपुरीतल्या शाळेत. पहिले काही दिवस अन्वीबरोबर कुणीतरी जायला हवं, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच जा.

ताई, सही करताना मला वाटलं होतं की आता तुझं कळेल. माझ्यापुरतं सांगू शकते. पहिल्या कागदावर सही केली तेव्हा मला बालवाडी हवी होती. दुसऱ्यावर केली तेव्हाही हवी होती. तुझं असंच होतं का, की माझ्याबद्दलची ती शंका खरी होती, की नुसता गॅस नव्हता हे तुला ठाऊक होतं, हे मी ठरवू शकत नाही. मी प्रयत्न केला. रश्मीला विचारलं, तिलाही पत्राचं माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, आई तुमच्याबद्दल घरी काही बोलायच्या नाहीत. तुमच्याकडे जाते म्हणायच्या, आणि जायच्या." याचाही अर्थ मला लागत नाही. पण ते मी लिहून ठेवलं आहे.

मार्चपर्यंत बालवाडी चालू आहे. मुलं नऊ आहेत. खेळात अन्वीला मी आता तिघांच्या गटात बसवते. ती बसते, आणि अधूनमधून माझ्याकडे बघते.